पाहुणे, परतलेले आणि गेलेले : विदर्भाच्या रणजी संघातील स्थलांतराचा आढावा

दोन क्रिकेट हंगामांमधल्या महिन्यांत, म्हणजे साधारणपणे मार्चमध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना संपल्यापासून पावसाळा ओसरेपर्यंतच्या काळात, नागपूरच्या क्रिकेटवर्तुळात धावा आणि बळी यांपेक्षा माणसांची चर्चा अधिक होते. कोणता खेळाडू विदर्भ सोडून चालला, कोणत्या राज्याचा कोण जामठ्याच्या स्टेडियमवर येणार, कोणाच्या कराराचे नूतनीकरण झाले आणि कोणाचे अडले, हे प्रश्न स्थानिक गुझदर लीगच्या क्लबांपासून वृत्तपत्रांच्या क्रीडापानांपर्यंत सर्वत्र विचारले जातात. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत अफवा हेच माहितीचे मुख्य साधन राहते. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये या विश्रांतीच्या महिन्यांनी एका स्वतंत्र उद्योगाचे रूप घेतले आहे. भारतातील राज्यस्तरीय क्रिकेटमध्ये तसा खुला बाजार नाही. मात्र खेळाडूंची ये-जा आहे, तिची स्वतःची नियमावली आहे, आणि विदर्भापुरते बोलायचे तर या ये-जेचा इतिहास खुद्द विदर्भ संघापेक्षाही जुना आहे.

दोन्ही व्यवस्थांतील फरक आरंभीच स्पष्ट करणे इष्ट ठरेल. बेसबॉलमध्ये ‘ट्रेड’ म्हणजे दोन क्लबांनी आपापल्या खेळाडूंच्या करारांची आपसात केलेली अदलाबदल होय, आणि अशा अदलाबदलीत खेळाडूची संमती सर्वसाधारणपणे विचारली जात नाही. ‘फ्री एजंट’ म्हणजे ज्याचा करार संपला आहे आणि जो कोणत्याही क्लबशी वाटाघाटी करण्यास मोकळा आहे असा खेळाडू. हा मोकळेपणा सहजासहजी मिळालेला नाही. सेंट लुईस कार्डिनल्सने 1969 मध्ये कर्ट फ्लड या खेळाडूचे फिलाडेल्फियाला केलेले हस्तांतर त्याने नाकारले आणि न्यायालयात धाव घेतली. 1972 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या विरुद्ध दिला, तरी त्याने उभा केलेला प्रश्न मिटला नाही, आणि डिसेंबर 1975 मध्ये एका लवादाच्या निर्णयाने क्लबांची खेळाडूंवरील कायमची पकड सुटली. भारतात इंडियन प्रीमियर लीगने ‘ट्रेड’ ही कल्पना जवळजवळ जशीच्या तशी उचलली. हार्दिक पंड्याचे नोव्हेंबर 2023 मध्ये गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे झालेले पुनरागमन हे तिचे सर्वपरिचित उदाहरण आहे. रणजी करंडकात मात्र अशी अदलाबदल होतच नाही, कारण राज्य संघटनेच्या मालकीचा कोणताही खेळाडू नसतो. तिच्या हाती असते ते केवळ ‘ना-हरकत प्रमाणपत्र’.

हे प्रमाणपत्र, ज्याला क्रिकेटजगतात सर्रास ‘एनओसी’ म्हणतात, सगळ्या स्थलांतराची किल्ली आहे. एखाद्या खेळाडूला आपली संघटना सोडून दुसरीकडून खेळायचे असेल, तर त्याने आधी मूळ संघटनेकडे अर्ज करून हे पत्र मिळवावे लागते, आणि त्यानंतरच नव्या संघटनेमार्फत त्याची भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे नोंदणी होते. जन्म, शिक्षण वा नोकरी यांच्या आधारे जो त्या राज्याचा ठरत नाही, तो ‘व्यावसायिक’ किंवा रूढ भाषेत ‘पाहुणा’ खेळाडू मानला जातो, आणि मंडळाच्या नियमानुसार एका संघाला असे तीनच पाहुणे घेता येतात. सामन्याचे मानधन सर्वांना सारखे, मंडळाने ठरविलेले असते: 2021 मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार चाळीसपेक्षा अधिक सामन्यांचा अनुभव असलेल्या खेळाडूला दिवसाला 60,000 रुपये, एकवीस ते चाळीस सामन्यांच्या अनुभवासाठी 50,000 आणि त्याहून कमी अनुभवासाठी 40,000 रुपये मिळतात. म्हणजे साखळीतील सात चार-दिवसीय सामने पूर्ण खेळणाऱ्या अनुभवी खेळाडूची हंगामातील मानधनाची रक्कम सतरा लाखांच्या आतच राहते. पाहुण्याला याखेरीज संघटनेकडून वेगळी करार-रक्कम मिळते, आणि घासाघीस होते ती याच रकमेवर. ती सहसा जाहीर होत नसल्यामुळे अफवांना तेथेच सर्वाधिक खतपाणी मिळते.

‘आंतरराज्य’ हा शब्द या संदर्भात थोडा फसवा आहे, हेही येथेच नोंदवावे लागेल. महाराष्ट्र या एका राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन स्वतंत्र संघटना नांदतात; त्यामुळे मुंबईचा खेळाडू नागपूरला आला किंवा नागपूरचा गोलंदाज पुण्याला गेला, तर राज्याची सीमा न ओलांडताही तो क्रिकेटच्या दृष्टीने परका ठरतो. विदर्भाच्या वेगळेपणाचा प्रश्न विधिमंडळात अनिर्णित असला, तरी क्रिकेटच्या नकाशावर तो 1957-58 च्या हंगामातच सुटला, जेव्हा विदर्भ संघ रणजी करंडकात प्रथम उतरला.

त्याआधीचा नागपूरचा क्रिकेट-इतिहास प्रामुख्याने जाणाऱ्यांचा इतिहास आहे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायुडू यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1895 रोजी नागपुरात झाला, शिक्षण तेथील हिस्लॉप शिक्षणसंस्थेत झाले, परंतु 1923 मध्ये महाराजा तुकोजीराव होळकर यांच्या निमंत्रणावरून ते इंदूरला गेले, होळकरांच्या सैन्यात अधिकारी झाले आणि पुढे इंदूरचेच म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांच्या नेतृत्वाखालील होळकर संघाने 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53 असा चार वेळा रणजी करंडक जिंकला. संस्थानिकांची ही पद्धत म्हणजे आजच्या व्यावसायिक करारांचा पूर्वावतार होय: खेळाडूला हुद्दा, पगार आणि घर द्यायचे, आणि मोबदल्यात त्याने दरबाराच्या संघातून खेळायचे. बडोद्याने सांगलीच्या विजय हजारे यांना याच मार्गाने आपले केले. होळकर संघाने तर युद्धकाळात लष्करी सेवेनिमित्त महू येथे असलेल्या डेनिस कॉम्प्टन या इंग्लंडच्या फलंदाजाला 1944-45 च्या अंतिम सामन्यात खेळविले, आणि त्याने मुंबईविरुद्ध नाबाद 249 धावा काढूनही होळकर हरले. त्याच सामन्यात नायुडूंचे धाकटे बंधू, नागपूरचेच सी. एस. नायुडू यांनी 917 चेंडू टाकले. एका प्रथम श्रेणी सामन्यात इतके चेंडू आजवर दुसऱ्या कोणी टाकलेले नाहीत. या सी. एस. यांनी मध्य भारत, बडोदा, होळकर, बंगाल, आंध्र, उत्तर प्रदेश अशा संघांकडून क्रिकेट खेळले. आज एखादा खेळाडू तीन संघ बदलतो तेव्हा ‘निष्ठा’ या शब्दावरून जी खळखळ केली जाते, ती करणाऱ्यांनी हा प्रवास एकदा नजरेखालून घालावयास हरकत नाही.

स्वतंत्र विदर्भ संघ स्थापन झाल्यावरही गमनाची दिशा बदलली नाही. बदलली ती केवळ कारणे. संस्थानांची जागा रेल्वे, बँका आणि सार्वजनिक उपक्रमांनी घेतली, आणि नोकरी हाच स्थलांतराचा मुख्य हेतू झाला. पुढे विदर्भाचा सर्वांत यशस्वी कर्णधार ठरलेला फैज फझल हाही काही काळ रेल्वेकडून खेळला होता. राष्ट्रीय निवड समितीच्या नजरेत भरायचे तर बलाढ्य संघातून खेळले पाहिजे, ही समजूतही तितकीच प्रबळ होती. नागपूरचा वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य बंगालकडून खेळला आणि 1990 च्या दशकात भारतासाठी चार एकदिवसीय सामने खेळला. पुढे हेच वैद्य विदर्भ क्रिकेट संघटनेत क्रिकेटविकासाची जबाबदारी सांभाळू लागले. स्वतः बाहेर जावे लागलेल्या माणसाकडे इतरांना थोपवून धरण्याचे काम यावे, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही.

संघटनेची आर्थिक स्थिती 2008 नंतर पालटली. सिव्हिल लाइन्समधील जुन्या मैदानाच्या जोडीला वर्धा मार्गावर जामठा येथे नवे स्टेडियम उभे राहिले, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला, आणि नागपूरचे वकील शशांक मनोहर याच सुमारास भारतीय मंडळाचे अध्यक्ष झाले. निवासी अकादमी, वयोगटांचे संघ आणि अकरा जिल्ह्यांतील मुलांची चाचपणी यांवर खर्च होऊ लागला. उमेश यादव 2008 मध्ये विदर्भाकडून रणजी खेळू लागला आणि 2011 मध्ये भारताच्या कसोटी संघात पोहोचला. विदर्भाकडून खेळत असताना कसोटीपर्यंत जाता येते, हे त्यातून प्रथमच सिद्ध झाले. मात्र संघाला तरुणांसोबत दीर्घ डाव खेळण्याची सवय असलेला माणूसही हवा होता, आणि येथून पाहुण्यांचा खरा अध्याय सुरू होतो. तमिळनाडूचा सुब्रमण्यम बद्रीनाथ आला आणि त्याने नेतृत्व केले. कर्नाटकाचा गणेश सतीश आला आणि तो अनेक वर्षे मधल्या फळीत टिकून राहिला. 2015-16 मध्ये मुंबईचा वसीम जाफर आला.

जाफरचे प्रकरण या संपूर्ण विषयाची मेख आहे, म्हणून त्यावर अंमळ थांबणे आवश्यक आहे. तो आला तेव्हा पस्तिशी ओलांडलेला होता, मुंबईसाठी सर्व काही करून चुकला होता, आणि दुखापतीमुळे 2016-17 च्या हंगामाला त्याला मुकावे लागले. बेसबॉलच्या किंवा आयपीएलच्या हिशेबात असा खेळाडू उतरत्या भावाचा ठरतो, कारण तेथे खेळाडूच्या उरलेल्या वर्षांची किंमत मोजली जाते. विदर्भाला त्याच्याकडून धावांइतकीच दुसरी एक गोष्ट मिळाली: रणजी जिंकण्याची ज्याला सवय होती अशा माणसाचा ड्रेसिंग रूममधील वावर. 2017 मध्ये प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले. तेही मुंबईचे, आणि स्वतः खेळाडू असताना मध्य प्रदेशाकडे पाहुणे म्हणून जाऊन त्या संघाचे कर्णधारपद भूषविलेले. 2017-18 च्या उपांत्य सामन्यात कोलकात्याला कर्नाटकाविरुद्ध विदर्भ पाच धावांनी जिंकला तो रजनीश गुरबानीच्या दुसऱ्या डावातील सात बळींमुळे, आणि इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात याच गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली, यष्टिरक्षक अक्षय वाडकरने 133 धावा काढल्या, आणि 1 जानेवारी 2018 रोजी विदर्भ नऊ गडी राखून प्रथमच विजेता ठरला. ज्या होळकरांनी नागपूरचा नायुडू नेला, त्यांच्याच नावाच्या मैदानावर हे घडले. त्या संघात जाफर आणि सतीश हे दोन पाहुणे होते, परंतु निर्णायक कामगिरी घरच्या मुलांची होती. पुढील मार्चमध्ये इराणी करंडकात जाफरने 286 धावा केल्या, आणि 2018-19 च्या रणजी हंगामात, चाळिशी गाठल्यावर, हजाराहून अधिक धावा केल्या. जामठ्याच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राला 78 धावांनी हरवून विदर्भाने विजेतेपद राखले, आणि त्या सामन्यात आदित्य सरवटेने अकरा बळी घेतले.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो, आणि विदर्भाच्या अनुभवापुरता तो पक्का आहे: पाहुणा तेव्हाच फळतो, जेव्हा त्याच्या आजूबाजूला घरचे आठ-नऊ जण आधीच तयार असतात. ज्या राज्य संघांनी पाहुण्यांच्या जिवावर संघ उभे केले, त्यांना पाहुणे परतताच पूर्वपदावर यावे लागले. विदर्भात क्रम उलटा होता, आणि म्हणूनच जाफर 2020 मध्ये निवृत्त झाला, पंडित त्याच वर्षी मध्य प्रदेशाकडे गेले आणि तेथे 2021-22 चा रणजी करंडक त्यांनी जिंकून दिला, तरी विदर्भ कोसळला नाही. संघ काही काळ मंदावला एवढेच.

दुसऱ्या पिढीचे पाहुणे निवडताना विदर्भाने जी नजर दाखविली तीत थोडी गंमतही आहे. 2017-18 च्या त्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाकडून पहिल्या डावात 153 धावा काढणारा फलंदाज करुण नायर होता, आणि अंतिम सामन्यात दिल्लीकडून 145 धावा काढणारा ध्रुव शोरी. 2023-24 मध्ये हे दोघेही विदर्भाच्या संघात दाखल झाले. शत्रूच्या छावणीतील ज्यांच्यामुळे घाम फुटला त्यांनाच आपल्याकडे ओढावे, ही राजनीती जुनीच आहे. नायरची परिस्थिती शोरीपेक्षा बिकट होती. डिसेंबर 2016 मध्ये इंग्लंडविरुद्ध चेन्नईत नाबाद 303 धावा काढलेला हा फलंदाज कसोटी संघातून तर बाहेर गेलाच, पण कर्नाटकाच्या संघातही त्याला जागा उरली नव्हती. बेसबॉलच्या परिभाषेत त्याला ‘फ्री एजंट’ म्हणता आले असते. मात्र तेथे तो शब्द मागणी असलेल्या खेळाडूच्या हाती असलेले शस्त्र सुचवितो, आणि येथे नायरला मागणीच नव्हती. विदर्भाने संधी दिली, आणि ती उभयपक्षी लाभदायी ठरली. 2023-24 मध्ये संघ वानखेडेवर मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि 169 धावांनी हरला. 2024-25 मध्ये नायरने विजय हजारे करंडकात पाच शतकांसह 779 धावा केल्या, बडोद्यातील अंतिम सामन्यात आपल्याच मूळ संघाकडून, म्हणजे कर्नाटकाकडून, त्याला पराभव पत्करावा लागला, आणि रणजीमध्ये त्याने 863 धावा जमविल्या.

मार्च 2025 मध्ये संपलेला जामठ्याचा अंतिम सामना हा या स्थलांतरनाट्याचा सर्वांत लक्षणीय प्रवेश आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंनी पाहुणे उभे होते. विदर्भाची अवस्था 3 बाद 24 अशी झाली असता घरच्या दानिश मालेवारने 153 आणि कर्नाटकाहून आलेल्या नायरने 86 धावा काढून 215 धावांची भागीदारी केली. समोर प्रथमच अंतिम सामना खेळणारा केरळचा संघ होता, आणि त्याच्याकडून 79 धावा काढून पहिल्या डावातील आघाडीच्या आशा जागत्या ठेवणारा फलंदाज होता आदित्य सरवटे: 2018-19 मध्ये याच मैदानावर विदर्भाला करंडक मिळवून देणारा नागपूरचा डावखुरा फिरकीपटू, जो 2024-25 च्या हंगामापूर्वी केरळकडे गेला होता. विदर्भाने 379 विरुद्ध 342 अशी आघाडी घेतली, दुसऱ्या डावात नायरने 135 धावा केल्या, सरवटेने चार बळी घेतले, सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील आघाडीवर करंडक विदर्भाकडे आला. घरचा मुलगा समोरच्या संघात आणि परमुलखातला आपल्या संघात अशी ही मांडणी होती. टाळ्या कोणासाठी वाजवायच्या हा प्रश्न जामठ्याच्या प्रेक्षकांना त्या पाच दिवसांत पडला असेल तर नवल नाही.

सरवटे गेला, गुरबानीही त्याच हंगामात महाराष्ट्राकडे गेला, आणि दोघांच्या जाण्यावर पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. हळहळ रास्त असली तरी हिशेब वेगळा सांगतो. त्याच हंगामात हर्ष दुबे या नागपूरच्या डावखुऱ्या फिरकीपटूने 69 बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम केला, आणि यश राठोडने 960 धावा काढल्या, ज्या त्या हंगामातील सर्वाधिक होत्या. ज्या राज्याजवळ एकाच शैलीचे दोन उत्तम फिरकीपटू असतात, त्याने एकाला जाऊ देणे ही चूक नसून न्याय आहे, कारण राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसून वर्षे घालविण्यापेक्षा दुसऱ्या राज्याकडून खेळणे हे खेळाडूच्या दृष्टीने निःसंशय श्रेयस्कर असते. नायुडूंच्या काळात नागपूरचे खेळाडू जात ते येथे काही नव्हते म्हणून; आता जातात ते येथे गर्दी झाली म्हणून. दोन्ही घटनांना एकच शब्द वापरला जातो, आणि बहुतेक गैरसमज त्यातूनच जन्म घेतात.

2025 च्या उन्हाळ्यात ही ये-जा देशभर वाढली आणि अफवांनी कळस गाठला. यशस्वी जयस्वालने एप्रिलमध्ये मुंबई सोडून गोव्याकडे जाण्यासाठी एनओसी मागितली, ती मिळालीही, आणि काही आठवड्यांतच त्याने विचार बदलून ती मागे घेण्याची विनंती केली. पृथ्वी शॉ मात्र खरोखरच मुंबईहून महाराष्ट्राकडे गेला. विदर्भापुरत्या दोन घडामोडी महत्त्वाच्या होत्या. कसोटी संघात परतून इंग्लंडचा दौरा केलेला नायर 2025-26 साठी कर्नाटकाकडे माघारी गेला, आणि अमरावतीचा यष्टिरक्षक-फलंदाज जितेश शर्मा बडोद्याकडे गेला. दुसऱ्या घटनेतील विरोधाभास उद्‍बोधक आहे: ज्याच्यासाठी आयपीएलच्या लिलावात बंगळुरूने 11 कोटी रुपये मोजले, त्याला विदर्भाच्या रणजी संघात हुकमी जागा नव्हती, कारण यष्टीमागची जागा कर्णधार वाडकरची होती. बाजारभाव आणि संघाची गरज या दोन स्वतंत्र वस्तू आहेत, हे याहून स्पष्ट करून सांगणारे उदाहरण सापडणे कठीण आहे.

प्रचलित व्यवस्थेची एक बाजू मात्र समर्थनीय नाही. एनओसी हा खेळाडूचा हक्क नसून संघटनेची मेहेरबानी आहे, अशी तिची रचना आहे; अर्जावर किती दिवसांत निर्णय द्यावा, नकार द्यायचा तर कोणत्या कारणाने, आणि पाहुण्याला करार संपल्याचे केव्हा कळवावे, यांविषयीचे सार्वजनिक आणि बंधनकारक वेळापत्रक असते, तर उन्हाळ्यातील निम्म्या अफवा आपोआप विरल्या असत्या. त्याचप्रमाणे पाहुण्यांना दिल्या जाणाऱ्या करार-रकमा संघटनांनी जाहीर केल्या, तर त्या पैशांत वयोगटातील किती स्थानिक मुलांचे वर्षभराचे प्रशिक्षण झाले असते, ही तुलना करणे अकोला, यवतमाळ वा चंद्रपूर येथील पालकांना शक्य होईल. तुलना पाहुण्यांच्या विरोधात जाईलच असे नाही. मालेवारसारख्या एकविशीतल्या फलंदाजाला अंतिम सामन्यात नायरच्या जोडीने चार तास खेळपट्टीवर उभे राहता येणे हेही प्रशिक्षणच आहे, आणि ते कोणत्याही अकादमीत विकत मिळत नाही.

नायर आणि जितेश शर्मा यांच्याविना उतरलेल्या विदर्भाने ऑक्टोबर 2025 मध्ये जामठ्यावर इराणी करंडकाच्या सामन्यात शेष भारताचा 93 धावांनी पराभव केला. पहिल्या डावात अथर्व तायडेने 143 आणि यश राठोडने 91 धावा काढल्या. दोघेही विदर्भाच्याच वयोगट संघांतून वर आलेले आहेत.